भाकरीची वाट

काही वर्षांपूर्वी दौंड तालुक्यातील एका वस्तीवर घराच्या आशीर्वादासाठी गेलो असता दोघा भावांच्या भांडणात मध्यस्थी करण्याचा प्रसंग माझ्यावर आला. बांधावरून वाद झाला होता. थोरल्याने धाकट्याच्या घराकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या आणि धाकट्याचे दूध डेअरीपर्यंत पोहोचेनासे झाले होते. मी विचारले, तेव्हा थोरला शांतपणे म्हणाला, "फादर, मी त्याच्या अंगाला बोटसुद्धा लावलेले नाही. फक्त वाट अडवली आहे."

हे उद्गार माझ्या मनात घर करून राहिले. युद्धात शत्रूची रसद तोडणाराही हेच म्हणत असतो. समोरासमोर लढाई नाही, रक्तपात थोडा. फक्त धान्य, वैरण आणि दारूगोळा यांची वाट अडवायची. यादवी युद्धात तर समोरचा शत्रू आपलाच भाऊबंद असतो. म्हणून हा मार्ग अधिकच सौम्य वाटतो. पण तो खरोखर निर्दोष आहे काय?

आपल्या पुणे जिल्ह्याच्या इतिहासात याचे दोन धडे आहेत. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथराव व बारभाई यांच्यात गादीचा कलह पेटला. रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांचा हात धरला. त्यांना गादीवर बसविण्यासाठी १७७८ च्या अखेरीस सुमारे चार हजारांची फौज बोरघाट चढून आली. तिचे सामान वाहण्यास सुमारे एकोणीस हजार बैल होते. मराठ्यांनी मोठी लढाई टाळली. फौजेच्या मागेपुढे घिरट्या घालीत त्यांनी तिचा दाणागोटा तोडला. १७७९ च्या जानेवारीत ती तळेगावास पोहोचली, तेव्हा गाव जळालेले होते. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळ्यात लोटून इंग्रजांनी माघार घेतली, वडगावास ते कोंडले गेले आणि तह करून सुटले.

युद्धनीती म्हणून या डावाचे कौतुक होते, आणि ते अनाठायी नाही. परंतु तळेगावची घरे परक्या शत्रूने जाळली नव्हती, हेही विसरता येत नाही. त्या थंडीत उघड्यावर आलेल्या कुणब्याने कोणत्या गादीवर हक्क सांगितला होता?

दुसरा धडा अधिक कडू आहे. १८०१ साली विठोजी होळकरांस पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. त्यानंतर त्यांचे बंधू यशवंतराव पेशवे आणि शिंदे यांच्यावर चालून आले. ८ ऑक्टोबर १८०२ रोजी बारामतीजवळ आणि २५ ऑक्टोबरला हडपसर येथे लढाया झाल्या. या दोन रणांगणांच्या मधला मुलूख म्हणजे आजचा दौंड तालुका. ज्या फौजेला स्वतःची रसद नसते, ती रयतेच्या कणगीवर जगते. उभी पिके गेली, वैरण गेली. पुढच्या वर्षी पावसानेही दगा दिला आणि १८०३-०४ चा दुष्काळ पुणे व नगर या प्रांतांवर कोसळला. मधल्या काळात, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, बाजीरावांनी वसईचा तह केला होता. त्या तहाने आलेली इंग्रजांची तैनाती फौज पुढे शिरूरला, घोडनदीच्या काठी, छावणी करून राहिली. भावांनी एकमेकांची वाट अडवली आणि तिसरा घरात शिरला.

कोणी म्हणेल, "उपासमारीने युद्ध लवकर संपते, म्हणजे एकंदरीत माणसे कमीच मरतात." हा युक्तिवाद जुना आहे. अमेरिकेतील यादवी युद्धात, १८६३ साली, लिंकन यांच्या सरकारने सैन्यासाठी काढलेल्या नियमावलीत, शत्रू सशस्त्र असो वा निःशस्त्र, त्याला उपाशी ठेवणे कायदेशीर मानले होते. या युक्तिवादात एक गोष्ट सुटते. धान्य कमी पडले की पहिला घास शस्त्रधारी घेतो. उरलेले इतरांना मिळते आणि तान्ही लेकरे, म्हातारी माणसे व आजारी यांच्या वाट्याला काहीच येत नाही. म्हणजे बाण सैनिकावर सोडलेला असतो आणि लागतो मात्र पाळण्यातल्या बाळाला.

ख्रिस्तसभेच्या नीतिशास्त्रात एकाच कृतीच्या दोन परिणामांचा विचार केला जातो. कृती मुळात योग्य असावी, वाईट परिणाम हेतूत नसावा, चांगले फळ त्या वाइटातून साधलेले नसावे आणि होणारी हानी लाभाच्या प्रमाणाबाहेर नसावी. या कसोटीवर दारूगोळ्याचा तांडा लुटणे किंवा तोफांचे गाडे मोडणे न्याय्य युद्धात समर्थनीय ठरू शकते. विहीर बुजवणे, पेव जाळणे, उभे पीक तुडवणे मात्र नाही. कारण तेथे निरपराधांची भूक हेच साधन बनते. 'अनुवाद' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात वेढा घालणाऱ्या सैन्यालाही फळझाडे तोडण्याची मनाई आहे. इतर झाडे तोडण्यास मुभा आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली संपूर्ण शहरांच्या व प्रदेशांच्या सरसकट विध्वंसाचा निषेध केला. १९७७ च्या जिनिव्हा पूरक करारांनी नागरिकांची उपासमार हे युद्धाचे साधन म्हणून वापरण्यास बंदी घातली, अंतर्गत युद्धातसुद्धा.

शिवछत्रपतींनी हे मर्म आधीच ओळखले होते. राज्याभिषेकापूर्वी चिपळूणकडील छावणीतील लष्कराला लिहिलेल्या पत्रात त्यांनी साठवलेली वैरण बेताने वापरण्याची ताकीद दिली, दिव्याची पेटती वात उंदराने ओढून नेली तर गंजी जळतील इथपर्यंत बारकाईने. आपली रसद संपली की शिपाई रयतेच्या दारात जाणार, आणि मग रयतेला आपण मोगलांहून वाईट वाटू, हे त्यांनी जाणले होते.

पवित्र शास्त्रात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, दोन प्रसंग शेजारी शेजारी आहेत. अरामी लुटारू टोळी शोमरोनात सापडते. राजा विचारतो, यांना मारू काय? संदेष्टा अलीशा सांगतो, त्यांच्यापुढे अन्नपाणी ठेव. ते जेवून परततात आणि त्या टोळ्या पुन्हा इस्राएलात येत नाहीत. त्याच अध्यायात पुढे शोमरोनाला वेढा पडतो, रसद तुटते आणि उपाशी आया आपल्याच लेकरांचा घास करतात. एकाच शहराने भाकरीची दोन्ही सामर्थ्ये पाहिली.

त्या दिवशी वस्तीवर मी थोरल्याला एवढेच विचारले, "आई कोणाकडे असते?" आई धाकट्याकडे होती आणि तिचे औषध त्या दुधाच्या पैशातून येत होते. तो बराच वेळ काही बोलला नाही. आठवड्याने काट्या निघाल्या. बांधाचा वाद मात्र अजून मिटलेला नाही.

आपल्या घरांत तोफा नाहीत. पण पाण्याची पाळी, सामाईक वाट आणि म्हाताऱ्यांचा खर्च आपल्या हाती आहे. वाट अडवण्यापूर्वी त्या वाटेच्या टोकाला कोण जेवायला बसले आहे, एवढे तरी आपण पाहावे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाप्रमाणे, तेथे भुकेला बसलेला प्रत्यक्ष प्रभूच असेल.