बिनकामाचं झाड

1972च्या दुष्काळात आमच्या ओट्यापुढं साल्व्हियाची चार रोपं होती. शाळेच्या बागेतलं बी मास्तरांनी दिलेलं. तुरे लालभडक, पण देवाला कुणी वाहत नाही, केसात माळत नाही, भाजीला तर नाहीच. विहीर आटलेली. आई खडी फोडायला जायची आणि आल्यावर परातीचं, भांड्यांचं पहिलं धुवण त्या रोपांना घालायची. वाळले तुरे खुडायची, म्हणजे खालून नवे फुटायचे.

आजी एकदा बोललीच, "अगं, ते धुवण म्हशीच्या तोंडचं हाय."

खरंच होतं. म्हैस दावणीला हाडं काढून उभी. तांब्याभर पाण्यानं तिची तहान थोडीच भागणार होती, असं मी पुढं कितीदा स्वतःला सांगितलं. पण मुक्या जिवाचं पाणी बिनकामाच्या फुलाला घालावं का? पोटभर जेवून विचार केला की सौंदर्यबिंदर्य शब्द लगेच सुचतात. आईजवळ ते नव्हते. ती म्हणाली, "आत्याबाई, दिसभर दगुडच बघते वो मी."

दुसऱ्या दिवसापासून अर्धं धुवण म्हशीला जाऊ लागलं. दोन रोपं वाळली. उरलेल्या दोनांवर सकाळी शिंजीर यायचा, फुलाच्या नळीत चोच घालायचा. आजी ओट्यावर बसून बघायची. मला म्हणायची, "हलू नगंस."