वाकण्याची पाळी

मराठी घर जमिनीलगत राहते. जेवायला पाट, देवापुढे आसन, आल्यागेल्याला सतरंजी. आपली नीतीही तशीच खाली बसलेली आहे. मोठ्यांपुढे वाकावे, देवापुढे वाकावे. नम्र या शब्दातच नमणे आहे. खुब्याचा सांधा बदलला की पहिली बंदी येते ती नेमकी या वाकण्यावर.

माझ्या आईची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा मयूर विहारमधल्या तिच्या डीडीएच्या फ्लॅटची आम्ही पाहणी केली. मागच्या बाजूने छेद घेऊन सांधा बदलला, तर साधारण सहा ते बारा आठवडे तीन गोष्टी टाळायला सांगतात. मांडी आणि धड यांतला कोन काटकोनाहून लहान होईल असे वाकायचे नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि पाऊल आत वळवायचे नाही. नवा गोळा वाटीतून निसटू नये, एवढाच यामागचा हेतू. पण तेवढ्यासाठी घरातली प्रत्येक उंची तपासावी लागते. बसल्यावर गुडघे खुब्याच्या खाली राहतील अशी खुर्ची हवी आणि तिला हात हवेत, कारण उठताना भार हातांवर येतो. म्हणजे सोफा बाद. कमोडवर उंच सीट. भिंतीत पक्के बसवलेले दांडे. टॉवेलचा दांडा माणसाचे वजन पेलत नाही. अंघोळीला न घसरणारे स्टूल. पायपुसणी, सतरंज्या, लोंबत्या वायरी उचलायच्या. रात्री पलंगापासून संडासापर्यंत दिवा. रोजची भांडी कंबर आणि खांदा यांच्या मधल्या फळीवर. हे सगळे आधीच करावे आणि वॉकर घेऊन एकदा घरभर चालून पाहावे. बाथरूमचे दार वॉकरहून अरुंद आहे हे दवाखान्यातून परतल्यावर कळून उपयोग नसतो.

अडले ते देवघरापाशी. ते जमिनीपासून वीतभर उंचीवर. भाऊ म्हणाला, उचलून टेबलावर ठेवू. आई म्हणाली, “देव जागचे हलवायचे नाहीत. पूजा तुम्ही करा, मी खुर्चीवरून बघेन.” दोघांचेही खरे होते, आणि इथेच मला यादीच्या पलीकडचा प्रश्न दिसला. घर सुरक्षित करता करता आपण ते तिचे राहू देतो का? सुरक्षिततेची बाजू इंचांत मोजता येते. इच्छेला माप नसते, म्हणून वादात ती नेहमी हरते. मला वाटते, इथे एक भेद पाळायला हवा. घसरणारी सतरंजी आईच्या शहाणपणावर अवलंबून नाही. ती कुणालाही पाडेल. देवघराचा धोका मात्र आई वाकली तरच. ती वाकणार नाही असे तिने सांगितले होते. तरीही देवघर हलवले असते, तर तो तिच्या सांध्याचा बंदोबस्त नसून तिच्या शब्दावरचा अविश्वास ठरला असता. सतरंजी गेली, देवघर राहिले.

तिला भीती एकच होती, ओझे होण्याची. म्हणून माणसांपेक्षा तिला दांडे आवडले. दांड्याचे उपकार नसतात, असे ती म्हणे. मला हे पटत नाही. दांडाही मदतच आहे, फक्त ती आधी करून ठेवलेली आहे. कुणीतरी भिंत ठोकून विटेचा भक्कम भाग शोधला, नेमक्या जागी भोक पाडले. तिच्या शरीरातला सांधाही तसाच. जॉन चार्न्ली या शल्यविशारदाने इंग्लंडमधल्या रायटिंग्टनच्या रुग्णालयात १९६२ साली धातूचा गोळा आणि प्लास्टिकची वाटी यांची जोडी जमवली; आजची शस्त्रक्रिया त्याच वाटेने आली. ज्याला आपण स्वावलंबन म्हणतो, त्यात मदत करणारा फक्त दिसेनासा झालेला असतो.

आणि काही मदत दिसेनाशी होऊच शकत नाही. जिला वाकता येत नाही, तिच्या पायात मोजे चढवायला कुणालातरी वाकावे लागते. दिल्लीत ही पाळी बहुतेक घरांत बारा तासांच्या बोलीवर आलेल्या बाईवर येते. आमच्याकडे आलेली बाई दोन जिने चढून येई आणि फरशीवर बसून आईचे पाऊल मांडीवर घेई. सुनेने याच पावलांशी वाकले तर तो संस्कार, या बाईने वाकले तर ते काम. शरीराची ठेवण एकच, पण एकीला आशीर्वाद आणि दुसरीला महिन्याचा हिशेब. पगार नीट द्यावा हे तर आलेच. पण घर तयार करताना तिच्याही पाठीचा विचार करायला हवा. आम्ही तिच्यासाठी बुटके स्टूल आणले आणि तिच्या चहाचा कप आमच्याच कपांत ठेवला. ही उदारता नव्हे. यादीत तिचे नाव असायलाच हवे होते.

शेवटी जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा. नियम सोपा आहे, पण कठडा एकाच बाजूला असला की एक फेरी उलट्या हाताची होते. भिंतीच्या बाजूलाही दांडा बसवू, असे मी सोसायटीच्या बैठकीत मांडले. उत्तर आले, दोन महिन्यांचाच तर प्रश्न आहे. जानेवारी २००१ मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले, तेव्हा कुतुबमिनार, जंतरमंतर अशा वास्तूंवर त्यांच्या चाकाच्या खुर्चीसाठी लाकडी उतार बसवले गेले. पाहुणा आला की आपल्याला उतार सुचतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारतींना मुदत घालून दिली, पण सोसायटीच्या जिन्यापर्यंत कायद्याआधी शेजाऱ्यानेच पोचायचे असते. दोन महिन्यांचा प्रश्न आईचा होता. जिन्याचा प्रश्न त्या इमारतीत म्हातारे होणाऱ्या सगळ्यांचा आहे. कुणाची पाळी आधी येईल, एवढेच ठरायचे आहे.

आई आता काठीशिवाय चालते. बाथरूममधले दांडे आम्ही काढलेले नाहीत. अंघोळीनंतर मीही हल्ली ते धरतो. जिन्याचा विषय पुढच्या बैठकीच्या पत्रिकेवर पुन्हा घालायला दिला आहे.