हरळी आणि सांभार



ऑक्टोबर हा पवित्र जपमाळेचा महिना. रोज सायंकाळी आपण ग्रोटोसमोर जमतो आणि मरियामातेच्या चरणी बसून जपमाळेची प्रार्थना करतो. यंदा मात्र शेवटचा क्रुसाचा खूण करून झाला की लगेच दुसरीच चर्चा सुरू होते. ग्रोटोसमोरच्या मोकळ्या जागेत काय लावायचे? युवक मंडळाला लॉन हवे आहे. महिला मंडळ म्हणते, शोभेचे गवत कशाला, सांभार लावा, चार घरांच्या भाजीत पडेल. धर्मग्राम परिषदेच्या दोन बैठका यात गेल्या, दुसऱ्या बैठकीत आवाजही चढले. नंतर दोन्हीकडची मंडळी आम्हाला एकेकटी भेटून म्हणाली, "फादर, तुम्हीच काय ते सांगा."

(सांभार म्हणजे कोथिंबीर, हे इथे कुणाला सांगायला नको. आम्ही या भागात नवे आलो तेव्हा बाजारात "सांभार घ्या" ऐकून इडलीची वाट पाहत होतो, ही गोष्ट तुम्ही अजून विसरू देत नाही.)

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना संत ऑगस्टीनचा एक विचार आम्हाला फार आवडत असे. काही गोष्टी आनंद घेण्यासाठी असतात, काही उपयोगासाठी. त्यांचा गोंधळ झाला की माणसाचे प्रेम वाट चुकते. परिषदेतल्या एका तरुणाला आम्ही हे सांगितले, तर तो पटकन म्हणाला, "मग लॉन आनंदासाठी आणि सांभार उपयोगासाठी, दोन्ही पाहिजेत!" उत्तर हुशारीचे आहे, पण संत ऑगस्टीनला ते चालले नसते. त्यांच्या मते स्वतःसाठीच आनंद घ्यावा असा एक परमेश्वरच. गवत काय आणि कोथिंबीर काय, दोन्ही त्याच्याकडे आणि शेजाऱ्याकडे जाण्याच्या वाटेवरच्या गोष्टी. तेव्हा दोहोंत सुंदर कोणते हे विचारण्याआधी, कोणते आपल्याला शेजाऱ्याकडे नेते हे विचारावे लागेल.

आधी गवताचे पाहू. गवताला कमी लेखायचे कारण नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात तिसऱ्या दिवशी जमिनीतून हिरवळ उगवते, सूर्य-चंद्राच्याही आधी. पाच हजारांना भाकरी वाढण्यापूर्वी प्रभू येशूने लोकांना हिरव्या गवतावर बसायला सांगितले, असे संत मार्क मुद्दाम नोंदवतात. त्या जागी गवत पुष्कळ होते, असे संत योहानही सांगतात, आणि वल्हांडण सण जवळ आला होता हेही त्यांनीच सांगून ठेवले आहे. म्हणजे तो वसंत ऋतू होता. गालीलात पाऊस हिवाळ्यात पडतो, वसंतात डोंगर हिरवे होतात आणि उन्हाळा आला की तेच गवत वाळून जाते. प्रभूने लोकांना बसवले ते त्या ऋतूत आपोआप आलेल्या गवतावर. त्याला पाणी घालायला कुणी नळी धरली नव्हती.

आपल्याकडेही असेच आहे. आज आपण जपमाळेला ज्या हिरवळीवर बसतो ती हरळी आहे, आणि ती कुणी लावलेली नाही. शेतकरी बांधवांना हरळीची ओळख करून द्यायला नको. धुऱ्यावर असली तर ती माती धरून ठेवते, गुरांना चारा देते. सोयाबीनमध्ये शिरली तर तीच वैरीण. जमिनीवरून धावते, जमिनीखालूनही धावते, आणि कांडीचा एक तुकडा मागे राहिला तरी पुन्हा उभी राहते. नर्सरीत चौरस फुटाच्या भावाने लॉन म्हणून जी गवते विकतात, त्यांतला बर्म्युडा म्हणजे हीच आपली हरळी, नाव तेवढे परदेशी.

आता आमच्या चुकीबद्दल. गेल्या वर्षी डिसेंबरात कुणालाही न विचारता आम्हीच तिथे विकतचे लॉन लावले, हे तुम्ही पाहिलेच आहे. नाताळला फोटो छान आले. मग उन्हाळा लागला. जागा साधारण शंभर चौरस मीटर आहे. आपल्या भागातल्या उन्हात गवत हिरवे ठेवायचे तर रोज पाच मिलिमीटर पाणी अगदी कमीत कमी लागते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर, तेव्हा हे झाले रोजचे पाचशे लिटर. पंधरा लिटरची घागर धरली तर तेहतीस घागरी. हा हिशेब आम्ही तेव्हा मांडला नव्हता, आता मांडतो आहोत.

एप्रिलमधल्या एका सकाळी आम्ही नळी धरून उभे होतो. फाटकाशी शेजारच्या वस्तीतली एक बाई रिकामी घागर घेऊन आली, थोडा वेळ पाहत राहिली आणि परत फिरली. आम्हाला वाटले, काही विसरली असेल. दोन दिवसांनी रस्त्यात भेटली तेव्हा विचारले, तर म्हणाली, "तुमचं गवताले पानी देनं चालू होतं नं फादर, म्हून म्या म्हटलं राहू द्या."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्हाला सोपे गेले असते. आपल्या विहिरीवर यायला कुणाला मनाई आहे, असे आपण कधी म्हटलेले नाही. पण त्या नळीने ते सांगितले, आणि तिला ते नीट कळले.

मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागला, पाणी थांबले आणि लॉन जळून गेले. जूनच्या पावसानंतर कुंपणाकडून हरळी आत आली आणि महिन्याभरात तिने सगळी जागा भरून काढली.

महिला मंडळाच्या भगिनींना हे वाचून जिंकल्यासारखे वाटेल, म्हणून त्यांच्यासाठीही चार शब्द. संत मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात प्रभू येशू शास्त्री-परुश्यांना फटकारतात ते मसाल्याच्या रोपांवरूनच. पुदिना, शेप, जिरे यांचाही दशांश ते काटेकोर देत, पण न्याय, दया आणि विश्वासूपणा मागे टाकत. तेव्हा वाफ्यात काय लावले यावरून कुणी नीतिमान ठरत नाही. शिवाय सांभारालाही पाणी लागते. तो थंडीतला. उन्हाळ्यात लावला तर पाला धरण्याआधीच फुलावर येतो. मेमध्ये त्याच्यावर नळी धरली तरी ती बाई परतच गेली असती.

तरी सांभाराचे एक आम्हाला आवडते. अरण्यात इस्राएली लोकांना मिळालेला मान्ना धण्यासारखा दिसत होता, असे निर्गम ग्रंथ सांगतो. तो ज्याने त्याने त्या दिवसापुरता गोळा करायचा, साठवला तर किडे पडत. सांभाराची जुडीही उद्यापर्यंत तशी राहत नाही. जास्त झाली की शेजारी द्यावीच लागते.

४ ऑक्टोबरला आपण असिसीच्या संत फ्रान्सिसचा सण साजरा केला. मठाच्या बागेचा एक भाग न लावता तसाच सोडावा, तिथे रानफुले आणि रानवनस्पती आपोआप उगवू द्याव्यात, असे ते सांगत. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात याची आठवण दिली आहे. पिण्याचे स्वच्छ पाणी हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे, हेही त्याच परिपत्रकात आहे.

तेव्हा परिषदेपुढे आम्ही असे ठेवत आहोत. ग्रोटोसमोर हरळीच राहील, पावसाच्या पाण्यावर. फेब्रुवारी-मार्चनंतर ती पिवळी पडेल, मग मे महिन्यातल्या मरियाभक्तीला आपण सतरंजी अंथरू. युवकांनी ती कापून सपाट ठेवावी, बसायला लॉनपेक्षा वाईट नाही. सांभाराचे तीन वाफे साक्रिस्तीच्या भिंतीलगत, स्वयंपाकघरात भाजी-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर, तेही फेब्रुवारीपर्यंतच. १ मार्चपासून विहिरीचे पाणी कोणत्याही झाडाला द्यायचे नाही. फाटक सकाळी सहाला उघडेल, आणि दोरी-बादली विहिरीवरच राहील.

पुढच्या रविवारी पवित्र मिस्सानंतर पेरणी आहे. प्रत्येक घराने मूठभर धणे आणावेत, भाजलेले नकोत. धणे हलके रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजत घाला. आठ-दहा दिवसांत उगवतील, दीड महिन्यात काढता येतील. काढताना उपटू नका, वरून कापा, पुन्हा फुटतो. अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या या गावात आपले जैन शेजारी जमिनीखालचे कंद खात नाहीत. मुळासकट उपटताना त्यांची आठवण ठेवली तर आपलाच सांभार जास्त दिवस पुरेल.

त्या बाईंच्या घरी आम्ही स्वतः जाऊन सांगितले आहे की मार्चपासून फाटक उघडे असेल. "पाहू," म्हणाल्या.

तुमचा ख्रिस्तसेवेत,
धर्मगुरू