पूर्वापार म्हणजे केव्हापासून?

॥ रामकृष्णहरी ॥

वीर स्थानकावर उतरून महाडच्या वाटेला लागले की शहराच्या अलीकडे गंधारपाल्याच्या डोंगरात कोरलेली लेणी दिसतात. कोकणात लेणे दिसले की कोणीतरी हमखास म्हणतो, "पांडवांनी एका रात्रीत खोदली." ऐकायला गोड वाटते. पण याच लेण्यांत ब्राह्मी लिपीतला शिलालेख आहे आणि त्यात कुमार काणभोज विष्णुपालित या दात्याचे नाव आहे. ही लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. एकाने केलेले दान दुसऱ्याच्या नावावर घालणे, मग ते नाव पांडवांचे का असेना, हा त्या दात्यावर अन्यायच नाही का?

इतिहासकार तरी वेगळे काय करतो? तो तीन साधे प्रश्न विचारतो. हे कोण सांगतो? त्याला कसे कळले? आणि हे केव्हापासून आहे?

कोणी म्हणेल, वारकऱ्याला हे प्रश्न कशाला? आपले काम नाम घ्यावे, वारी करावी. अशा वेळी नाथमहाराजांकडे पाहावे. ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये. पुढे जवळजवळ तीनशे वर्षे हाताने नकला होत राहिल्या. कोणी शब्द बदलला, कोणी आपली ओवी घातली. नाथांनी शके १५०६ मध्ये पाठ तपासून ग्रंथ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली भर घालू नये, असे बजावले. ज्ञानेश्वरी जयंती आपण त्याच भाद्रपदातल्या षष्ठीला करतो. "माउलींचे खरे शब्द कोणते?" हा प्रश्न नाथांनी अश्रद्धेने विचारला नाही. जिथे प्रेम असते, तिथेच दुसऱ्याचे शब्द आपल्या माणसाच्या तोंडी घातलेले खपत नाहीत.

आता महाडातच पुढे चवदार तळ्यावर येऊ. नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून ते सर्वांना खुले केले होते, पण तो ठराव कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तिथले पाणी प्यायले. त्यानंतर सवर्णांनी तळ्याची 'शुद्धी' केली आणि काही जण न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे एका शब्दात मावणारे होते : पूर्वापार. अस्पृश्यांना मनाई पूर्वापार आहे. खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे १९३७ साली निकाल लागला की अशी पुरातन वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही.

सज्जनहो, ज्या शब्दाच्या जोरावर माणसांना पाण्यापासून दूर ठेवले, त्याला पुरावा मागताच तो टिकला नाही. "केव्हापासून?" हा प्रश्न पंडितांचा खेळ नाही. कोणाचे तरी पाणी त्यावर अवलंबून असते.

पण हा प्रश्न दुसऱ्यांनाच विचारून भागत नाही. चोखोबांची समाधी पंढरीला महाद्वारासमोर आहे. आपण तिथे माथा टेकतो आणि मग आत जातो. त्यांच्या समाजाला मात्र त्याच देवळाचे दार उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. चोखोबांचे अभंग तर आपण पिढ्यान्‌पिढ्या गात होतो! हे आठवताना मान खाली जाते. जाऊ द्यावी. आपल्या सोयीचे तेवढेच आठवणे ही स्तुती झाली. गैरसोयीचेही आठवणे हे सत्य.

याचा अर्थ प्रत्येक कथा मोडीत काढावी असा नाही. देव भक्तासाठी धावला की नाही, हे कोणताही शिलालेख सांगणार नाही. तो अनुभवाचा प्रांत आहे, आणि इतिहासकाराने तिथे आपली मर्यादा ओळखावी. पण आपणही आपली ओळखावी. कीर्तनात वा घरी नातवंडांना सांगताना "अशी कथा आहे" आणि "असे घडले" ही दोन वाक्ये वेगळी ठेवावीत. तेवढ्याने कथेचा रस आटत नाही आणि ऐकणाऱ्याचा विश्वास वाढतो.

गळ्यात माळ घालताना आपण खरे बोलण्याचे व्रत घेतो. ते आजच्या व्यवहारापुरतेच घेतले आहे का? जे गेले, त्यांना आपली बाजू मांडायला येता येत नाही. त्यांच्याविषयी बोलताना ते व्रत अधिक जपले पाहिजे.

॥ रामकृष्णहरी ॥