साठ की आठ

गोकुळपेठच्या बाजारात लिंबांचा भाव विचारला. भाजीवाला ‘साठ’ म्हणाला, डझनाचे. मला ‘आठ’ ऐकू आलं. एका लिंबाचे आठ, म्हणून मी त्याला नको ते बोललो. बायकोने मुकाट्याने साठ रुपये दिले. रात्री लेकीने विषय काढला. मे महिना, कूलर पूर्ण जोरात. आधी तिने तो बंद केला.

लेक : बाबा, कानाचं मशीन काहून घेत नाही तुम्ही?

मी : कानाच्या तपासणीचा ग्राफ तूच पाहिला. ३० डेसिबलची घट. जागतिक आरोग्य संघटना २० ते ३५ च्या मधल्याला सौम्य म्हणते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बसायला दोन्ही कानांत निदान ६० ची घट लागते. मी त्याच्या अर्ध्यावर आहे.

लेक : कायदा सर्टिफिकेटसाठी. भाजीवाल्याचं काय?

मी : ‘स’ गेला म्हणून घोटाळा झाला. वयाने कान उतरतो तो वरच्या पट्टीकडून. स्वर खालच्या पट्टीतले, ते टिकतात. स, फ, थ ही हवेची अक्षरं आधी जातात. गेलेलं अक्षर तुझी आई सांगते. दारात कोणी आलं तर शेरू सांगतो. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत पोचतो, कुत्र्याचा ४५,००० च्या आसपास. घरात एवढे कान असताना आणखी विकत कशाला आणू? माझ्या आजीला सुईत दोरा आम्ही नातवंडं ओवून द्यायचो. त्यात कोणाला काही कमीपणा वाटला नाही.

लेक : आजी दोरा ओवून मागायची. तुम्ही मागत नाही, धरून चालता.

मी : नवरा-बायकोत मागायचं काय असतं?

लेक : शेरूचं सोडा. तो भुंकतो ते त्याच्यासाठी, त्याचं काही जात नाही. आईचं जातं. तुमचं ऐकणं थोडं गेलं, तिचं हळू बोलणं पूर्ण गेलं.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मशीनवर घसरलो.

मी : मशीन कूलरचाही आवाज वाढवतं.

लेक : नवी मशीनं तो थोडाफार दाबतात. आणि कूलर काही बारा महिने नसतो.

मी : पण मला काही कमी पडल्यासारखं वाटतच नाही.

लेक : जे ऐकूच आलं नाही, ते राहिलं हे कळेल कसं? या बाबतीत तुमची साक्ष धरता येत नाही, बाबा.

हे तिचं बोलणं माझ्या मनातून जात नाही. नजर अधू झाली की अक्षर पुसट दिसतं, पुसटपणा निदान दिसतो तरी. कानाचं तसं नाही. न ऐकलेला ‘स’ मागे जागा रिकामी ठेवत नाही. ‘साठ’चा चांगला ठणठणीत ‘आठ’ होतो आणि त्याच्या जोरावर मी माणसाला लुटारू ठरवतो. आपल्याला कमी ऐकू येतं, हेसुद्धा दुसऱ्याने सांगितल्याशिवाय कळत नाही.

मी : मग मशीन लावूनही बरोबर ऐकलं की नाही, हे कोणीतरी सांगायलाच हवं.

लेक : सांगूच की. सांगणं वेगळं, दिवसभर ओरडणं वेगळं.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः कूलर बंद केला आणि बायकोला विचारलं, तुला काय जड जातं? भाजीवाल्याचं, फोनचं, टीव्हीचं काहीतरी सांगेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “रात्री दिवा मालवला की आपलं बोलणं थांबतं. तुम्हाला माझे ओठ दिसत नाहीत.”

मी तिचे ओठ पाहून ऐकतो, हे मला माहीत नव्हतं.

मशीनचं अजून ठरलेलं नाही. पुढच्या तपासणीला ती सोबत येणार आहे. मला काय ऐकू येत नाही, ते डॉक्टरांना ती सांगेल.