होडी विकताना

अमेरिकेत काही जोडपी निवृत्तीनंतर शिडाच्या होडीवर राहतात. पुढे गुडघे दुखतात, दोरखंड ओढवत नाहीत, रात्रीचा पहारा झेपत नाही. मग होडी विकून ती चाकांवरचे घर, म्हणजे ‘आरव्ही’, घेतात. ही हार म्हणावी का?

लेखक जॉन स्टाईनबेक १९६० साली, ५८व्या वर्षी, ट्रकवर बांधलेल्या घरातून देश पाहायला निघाले. त्याच महिन्यात ‘डोना’ वादळात त्यांनी जिवावर उदार होऊन आपली होडी वाचवली होती. धाडस मोठेच, पण अशा वेळी किनाऱ्यावरून पाहणाऱ्या आपल्या माणसांच्या काळजाचे काय?

उतारवयात हट्ट आपला असतो, ओझे मात्र जोडीदारावर पडते. वेळीच सोडणे हेही प्रेमच. आपणही स्वतःला विचारू या: मी धरून ठेवलेल्या ‘होडी’चा भार कोण वाहत आहे?