हळवी म्हणजे कशी?




गेल्या गुरुवारी प्रसादाच्या आमटीत मीठ दुप्पट पडलं. सेवेला नव्याने येणाऱ्या एका सूनबाईच्या हातून. आमच्यातल्या एक ताई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "माहेरी काही शिकवलं की नाही?" ती काही बोलली नाही. डोळे भरले, पदराला हात पुसले आणि घरी निघून गेली. मागे आम्ही म्हणालो, "फारच हळवी आहे बाई!" आणि आमटीत पाणी वाढवायला लागलो.

घरी आल्यावर तो शब्द काही डोक्यातून जाईना.

इथे बडोद्यात वाढलेल्या आपल्या मुलांना 'हळवी' म्हणजे काय विचारलं, तर ती गुजरातीतलं 'लागणीशील' सांगतात. गुजरातीत लागणी म्हणजे भावना. आपल्याकडे लागण होते ती रोगाची, नाहीतर उसाची! हसू येतं खरं. पण मराठीतही बोल मनाला 'लागतो' आणि लळाही 'लागतो'च ना?

आमच्यातल्या एक वहिनी मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांना 'हळवं' म्हटलं की आधी भातच आठवतं. हळवं भात साधारण साडेतीन महिन्यांत कापणीला येतं, गरव्याला साडेचार महिने तरी लागतात. जिथे पाणी लवकर ओसरतं तिथे हळवं लावायचं, खोलगट पाणथळीत गरवं. हळव्याला तिकडे कुणी नावं ठेवत नाही. त्याची वेळ तेवढी सांभाळायची, कापणी लांबली तर दाणा गळतो. गळला तर भात वाईट होतं असंही कुणी म्हणत नाही. उशीर आपण केला म्हणतात.

आम्ही मात्र 'हळवी' म्हणालो आणि बोलणारी मोकळी झाली. दोष ऐकणारीचा.

आता कुणी विचारेल, मग सेवेत कुणाला काही बोलायचंच नाही का? बोलायचं. आणि चहा आधी दुसऱ्याला दिला म्हणून तीन-तीन दिवस अबोला धरणारे हळवेही आपल्या घरांत आहेत. त्यांच्यापुढे सगळं घर दबकून वागतं. तो हळवेपणा आम्ही काही गुण मानत नाही. त्यात स्वतःशिवाय कुणाचंच दुखणं दिसत नाही.

पण ही मुलगी तशी नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. त्याच्याच आधीच्या गुरुवारी एका आजींना चक्कर आली. आम्ही पाणी दिलं आणि परत भजनाला बसलो. ही मात्र आरती होईपर्यंत त्यांचा हात धरून बाहेर ओट्यावर बसली. तेव्हा आम्हीच म्हणालो होतो, "किती मायाळू आहे नाही?" मन तेच. आठ दिवसांत नाव बदललं ते आम्ही, आमच्या सोयीने.

या गुरुवारच्या आधी आम्ही दोघी-तिघी तिच्याकडे जाणार आहोत. ज्या ताई बोलल्या त्या अजून यायला तयार नाहीत. म्हणतात, "मीठ तर तिनेच टाकलं ना?"

टाकलं खरं.